चौथ्या भागातलं एक वाक्य

अर्सिनोई, थोथ महिना, दिवस ९

प्रिय थेओनिस,

पोचलो एकदाचा. सहा दिवसांत नेतो म्हणणाऱ्या नावाड्याने अकरा दिवस घेतले, कारण नदीकाठच्या दर गावात त्याची एक मावशी निघाली आणि दर मावशीने आम्हाला मसूर खाऊ घातले. माझी तब्येत बरी आहे. तुझीही असावी अशी प्रार्थना करतो. पूर अजून उतरलेला नाही. गावं पाण्यात बसलेल्या पाणघोड्यांसारखी नुसती पाठ वर काढून आहेत.

बिशपांनी मला इथल्या खेड्यांत शास्त्राचा अर्थ समजावायला धाडलं, ते बरं केलं की वाईट हे अजून कळत नाही. ख्रिस्ती मंडळीतले वीस-बावीस वडीलधारे रोज येतात. कोप्रेस नावाच्या एकाच्या अंगणात आम्ही बसतो. हा खजुराच्या बागा राखतो, साठीचा आहे, आणि तोंडात दात मोजके असले तरी जीभ शाबूत आहे. पहिल्याच दिवशी मी अर्धा तास बोलल्यावर त्याने विचारलं, "गुरुजी, देव माणूस झाला हे आम्हाला कळलं. तो ग्रीक कधी झाला, तेवढं सांगा."

सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा. मग मी त्याला सांगितलं की ग्रीकांचं तत्त्वज्ञान म्हणजे शिडी आहे. फळ शिडीचं नसतं, पण शिडीवाचून हाताला लागत नाही. तो म्हणाला की खजुराला शिडी कोणी लावत नाही, कमरेला दोर बांधून चढतात, शिडी लावणारा पडतो. या लोकांशी उदाहरणांनी बोलू नये.

आता कामाचं. माझ्या पुस्तकाचा चौथा भाग तू मेणाच्या पाट्यांवर उतरवून घेतलास, पण साफ प्रत व्हायच्या आत मला निघावं लागलं. त्याच्या तीन प्रती कर. एक इकडे पाठव, एक तिथल्या मंडळीत शास्त्र वाचून दाखवणाऱ्या वाचकाला दे, एक घरी ठेव. शेवटचा जो उतारा आहे, बाप्तिस्म्याआधीच मरण आलेल्या जिवांविषयीचा, तिथे विशेष जप. माझे जुने गुरू मूर्तिपूजक होते, पण त्यांच्यासारखा स्वच्छ विचार करणारा माणूस मी पाहिला नाही. जीव स्वतःहून वळतो आणि पायरी-पायरीने वर चढतो, हे त्यांनी शिकवलं. त्याच वाटेने जाऊन मी तो उतारा सांगितला आहे. शब्दन् शब्द तोललेला आहे. एकही हलवू नकोस.

माझ्या डोळ्यांपुढचं धुकं तसंच आहे. हे पत्रही इथल्या वाचकाकडून लिहवून घेतो आहे. त्याचं अक्षर तुझ्यापुढे कोंबडीने माती उकरल्यासारखं दिसेल, ते त्यालाच लिहायला लावलं आहे.

कास्तोर असता तर तुला तिकडे एकटीला ठेवून आलो नसतो. माझा धाकटा भाऊ गेल्यापासून त्या घरात तूच काय ती जाग आहेस. दाराला आडणा घालत जा.

तुझा भाऊजी,
नेमेसिऑन

*

अलेक्झांड्रिया, फाओफी महिना, दिवस २०

भाऊजींना थेओनिसचा नमस्कार.

तिन्ही प्रती झाल्या. तुमची प्रत तेलाच्या व्यापाऱ्याच्या नावेने पाठवते आहे, मातीच्या नळकांड्यात घालून, तोंड मेणाने बंद करून. नळकांडं फोडताना वाचकाला सांभाळून फोडायला सांगा. मागच्या वेळी कोणीतरी दगडाने फोडलं आणि पहिल्या तीन ओळी गेल्या.

इकडे सगळं ठीक. छपराची गळती बुजवून घेतली. शेजारची खाइरे रोज भाकरी आणून देते आणि मोबदल्यात तिच्या मुलाला पत्रं लिहून घेते. मुलगा फौजेत आहे आणि उत्तर देत नाही, पण ती म्हणते, लिहिलं की उत्तर आल्यासारखं वाटतं. तुमचे दोन विद्यार्थी येऊन गेले. गुरुजी कधी येणार म्हणून विचारत होते. मी म्हटलं, खेड्यातल्या लोकांनी सोडलं की.

चौथ्या भागाच्या शेवटी एके ठिकाणी पाटीवरचं मेण उन्हाने ओघळलं होतं. जसं जमलं तसं लिहिलं आहे.

कोप्रेसना माझा नमस्कार सांगा. त्यांचं शिडीचं बोलणं मी खाइरेला सांगितलं, ती दोन दिवस हसत होती.

डोळ्यांत बडीशेपेच्या पाण्याचे थेंब घालायला विसरू नका.

थेओनिस

*

अर्सिनोई, तुबी महिना, दिवस १२

प्रिय थेओनिस,

तुझी प्रत पोचून महिना झाला. उत्तराला उशीर झाला तो आनंदामुळे, आळसामुळे नाही.

पूर उतरला, पेरण्या झाल्या, लोकांना सवड मिळाली. मग मी वाचकाला चौथा भाग अंगणात मोठ्याने वाचायला लावला. या वेळी बायकाही आल्या होत्या, भिंतीला टेकून, कोणी दोरा कातत, कोणी नुसत्याच. तीन दिवस वाचन चाललं, आणि खरं सांगतो, अडीच दिवस लोकांनी जांभया दिल्या. मग शेवटचा उतारा आला. वाचकाने वाचलं, "ज्याला हाक मारायला वेळच मिळाला नाही, त्याला शोधत देव स्वतः निघतो."

कातणारे हात थांबले. मागून एक बाई उठली. तामाइस तिचं नाव, कोप्रेसच्या चुलतभावाची सून. पुढे येऊन वाचकाला म्हणाली, "परत वाच." त्याने वाचलं. ती म्हणाली, "परत." तिसऱ्यांदा वाचल्यावर ती माझ्यापुढे बसली, पदरातले खजूर माझ्या मांडीवर ठेवले आणि निघून गेली. नंतर कळलं, तिची दोन मुलं नाव ठेवायच्या आतच गेलेली आहेत. सासरच्यांनी तिला सांगितलं होतं की असली मुलं तळ्याकाठच्या लव्हाळ्यात पाखरं होऊन रडत असतात. सहा वर्षं ती त्या बाजूला पाणी भरायला गेली नव्हती. आता जाते.

दुसऱ्या दिवसापासून आसपासच्या तीन गावांतून बायका यायला लागल्या. सगळ्यांना तेवढं एकच वाक्य ऐकायचं असतं.

गंमत अशी की ते वाक्य मी सांगितल्याचं मला आठवत नाही. पण साठीला टेकलेल्या माणसाला स्वतःचंच वाक्य परक्यासारखं भेटावं, यातही एक सुख आहे. आठ दिवस मी त्याच्यावर बोललो. माझे गुरू म्हणत की परम मंगल हे काठोकाठ भरलेल्या रांजणासारखं आहे, ते सांडणारच. त्यातूनच हे वाक्य कसं निघतं ते मी पायरी-पायरीने दाखवलं. कोप्रेस शेवटी म्हणाला, "गुरुजी, वाक्य चांगलं आहे. तुम्ही समजावता तेव्हा जरा कमी कळतं."

मी त्याच्यावर रागावलो नाही. इतका मी सध्या खूश आहे.

नेमेसिऑन

*

अलेक्झांड्रिया, मेखिर महिना, दिवस ३

भाऊजी,

तामाइसबद्दल वाचलं. पत्र दोनदा वाचलं.

बातमी चांगली नाही. मंडळीच्या वाचकाने इथे चौथा भाग वाचायला घेतला आणि मंडळीच्या ज्येष्ठ वडिलांपैकी सीरिऑन मधेच उठले. तुम्ही त्यांना ओळखता. आपल्या लोकांच्या छळाच्या दिवसांत खाणीत राबून आलेला माणूस. अजून एक पाय ओढत चालतात. ते उठले की कोणी बसा म्हणत नाही. ते म्हणाले की हे शुभवर्तमान नाही, हा अथेन्सच्या तत्त्वज्ञांच्या ओवऱ्यांमधला वारा आहे. देव जर आपणहून सगळ्यांना शोधत हिंडणार असेल, तर आम्ही बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरलो कशाला आणि खाणीत गेलो कशाला? नेमेसिऑनने ग्रीकांची मूर्ती आपल्या कापडात गुंडाळून आत आणली आहे, असंही म्हणाले. पुष्कळांनी माना डोलावल्या.

प्रकरण बिशपांपर्यंत गेलं. त्यांनी ठरवलं की तुम्हाला इकडे बोलवायचं नाही. सीरिऑन आणि आणखी एक वडील तिकडे येतील आणि गावच्या लोकांसमोरच तुमचं म्हणणं ऐकून घेतील, कारण तिकडेच हे वाक्य जास्त पसरलं आहे. कापणीच्या आधी निघतील.

एक विनंती आहे. ते वाक्य इतक्यात फार सांगत फिरू नका.

थेओनिस

*

अर्सिनोई, मेखिर महिना, दिवस २५

प्रिय थेओनिस,

तू घाबरलीस हे साहजिक आहे. मी घाबरलेलो नाही. सीरिऑनबद्दल माझ्या मनात आदर आहे, पण खाण माणसाला धीर शिकवते, तर्क शिकवत नाही. मी माझं उत्तर तयार करतो आहे. त्या वाक्यापर्यंत मी कसा आलो, हे एकदा नीट मांडलं की झालं.

त्यासाठी मूळ पाट्या हव्यात. चौथ्या भागाच्या पाट्या प्रती तपासून होईपर्यंत पुसू नकोस असं मी सांगितलं होतं, त्या अर्थी त्या तुझ्याकडे असतीलच. त्या वाक्याच्या आधी काय होतं आणि नंतर काय, हे माझ्याच तोंडचं मंडळीच्या वडिलांना दाखवायचं आहे. येणाऱ्या पहिल्या नावेने पाठव.

सीरिऑनने इथल्या वाचकाच्या हाती निरोप धाडला आहे. म्हणतो, लेखनिकाच्या हातून चूक झाली एवढं म्हणा, वाक्य खोडा, आम्ही आल्या पावली परत जातो. बिचारा मला वाटच काढून देतो आहे. मी उत्तर दिलं की माझ्या भावजयीच्या हातून चूक होत नाही. ती एक शब्दही हलवत नाही, हे साऱ्या अलेक्झांड्रियाला माहीत आहे.

पाट्या पाठव.

नेमेसिऑन

*

अलेक्झांड्रिया, फामेनोथ महिना, दिवस १६

भाऊजी,

पाट्या या नावेत आहेत, वाळवलेल्या माशांच्या टोपलीखाली, सुती कापडात. त्या उघडायच्या आधी हे पत्र वाचून घ्या. वाचकाकडून वाचून घेणार असाल तर त्याला शपथ घाला.

ते वाक्य पाटीवर नाही. तुम्ही ते सांगितलंच नव्हतं. मेणही ओघळलं नव्हतं.

पाटीवर आहे ते असं: "जो जीव स्वतः वळलाच नाही, तो कोणत्या पायरीवर आहे हे सांगता येत नाही. अशा जिवांविषयी मौन बाळगणं हेच विचारी माणसाला शोभतं." हे तुम्ही सांगितलंत तेव्हा दुपार होती. तुम्ही खिडकीशी उभे होतात. आवाज हलला नाही. पुढचं वाक्य सुचेना म्हणून तुम्ही पाणी मागितलंत, मी उठून दिलं, आणि येऊन परत बसले.

माझी मुलगी नऊ दिवस होती. तिला जाऊन आता चार वर्षं होतील. मला कोणाला दोष द्यायचा नाही. बिशप खेड्यांच्या फेरीवर होते, ते आल्यावर त्यांच्या हातून बाप्तिस्मा करू, असं तुम्ही म्हणालात. कास्तोर आणि मी हो म्हणालो. दहाव्या दिवशी करायचं ठरलं. नवव्या दिवशी पहाटे ती गार लागली. त्यानंतर कास्तोरने दोनदा तुम्हाला विचारलं की ती कुठे असेल. दोन्ही वेळा तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात आणि काही बोलला नाहीत. मला वाटलं, दुःखाने बोलत नसाल. तो गेल्यावरही मी तसंच समजत होते. त्या दुपारी पाटीवर लिहिताना कळलं, ते दुःख नव्हतं. तो तुमचा विचार होता.

साफ प्रत करायला बसले तेव्हा तुम्ही अर्सिनोईला पोचला होतात. मी ते मौनाचं वाक्य लिहायला घेतलं आणि बोरू तिथेच थांबला. उठले, भांडी घासली. येऊन परत बसले, तरी तेच. मग मी जे लिहिलं ते विचार करून लिहिलेलं नाही. चार वर्षं रोज मनात तेच म्हणत होते, ते हातातून उतरलं. तिन्ही प्रतींत तेच लिहिलं.

मी लेखनिक आहे. दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालणारा लेखनिक चोर असतो, हे मला तुम्हीच शिकवलंत. वाक्य तुमचं नाही आणि कुठल्या ग्रीकाचंही नाही. सीरिऑन येतील तेव्हा पाट्या त्यांच्यापुढे ठेवा, तुम्ही सुटाल. माझं नाव सांगा. मंडळीत माझ्याकडून पुन्हा काही लिहून घेणार नाहीत, तेवढंच होईल.

तामाइसला मात्र सांगू नका, एवढं कराल का? किंवा सांगायचंच असेल तर हळू सांगा.

थेओनिस

*

अर्सिनोई, फार्मुथी महिना, दिवस २

थेओनिस,

पत्र आणि पाट्या मिळाल्या. पत्र वाचकाला दिलं नाही. उन्हात धरून, डोळ्यांना पाणी येईपर्यंत स्वतः वाचलं. त्याला दोन दिवस लागले. मला वेळ हवा आहे. हे पत्र मी स्वतःच्या हाताने लिहितो आहे, म्हणून एवढंच.

ने.

*

अर्सिनोई, पाखोन महिना, दिवस १०

प्रिय थेओनिस,

सुनावणी झाली. आधी ते सांगतो, मग बाकीचं. हेही पत्र माझ्याच हातचं आहे. दिवसाला पाच-सहा ओळी होतात.

तुझं पत्र वाचल्यावर पहिले काही दिवस मी फक्त संतापलेला होतो. तुझ्या मुलीचं काही मनात नव्हतं. वाक्य माझं नाही, याचाच राग. आठ दिवस ज्याच्यावर व्याख्यानं दिली, पायऱ्या दाखवल्या, रांजण सांडवले, ते माझ्या घरातल्या बाईने भांडी घासून आल्यावर लिहिलेलं होतं. मग एका संध्याकाळी कोप्रेसकडे बसलो असताना मी त्याला आडून विचारलं, एखाद्याने हाकच मारली नाही तर त्याला कोणी का शोधावं? तो शेळीचं दूध काढत होता. मान वर न करता म्हणाला, "माझं करडू कालव्यात पडलं तर ते ओरडलं होतं का, हे मी आधी विचारत बसत नाही." आणि धार काढत राहिला.

सीरिऑन आले ते कापणीच्या ऐन धामधुमीत. तरी अंगण भरलं होतं. प्रवासाने त्यांचा पाय सुजला होता. बसा म्हटलं तरी ते उभेच राहिले. त्यांनी वाक्य वाचून दाखवलं आणि विचारलं, "हे तुझं?"

मी म्हणालो, "नाही."

अंगणात कुजबूज झाली. सीरिऑनच्या चेहऱ्यावर, खरं सांगतो, सुटकेचा भाव आला. ते म्हणाले, "मग लेखनिकाची चूक म्हण आणि संपव."

मी त्यांना पाट्या दिल्या आणि म्हटलं की माझं वाक्य हे आहे, मोठ्याने वाचा. त्यांनी वाचलं. मौन बाळगणं हेच विचारी माणसाला शोभतं. भिंतीकडच्या बायकांत तामाइस उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही, पाहण्याची हिंमत नव्हती.

मग मी म्हणालो, "वडील, तुमचं नाक बरोबर आहे, फक्त वास चुकीच्या जागी घेता आहात. या पुस्तकात ग्रीक आहे, आणि ते तुमच्या हातातल्या पाटीवर आहे. जीव आपणहून वळेल, चढेल, पोचेल, आणि जो चढलाच नाही त्याच्याबद्दल बोलू नये, हे मी ग्रीकांकडून शिकलो. पुष्कळ चांगलंही शिकलो, ते मी टाकणार नाही. पण देव खाली उतरून शोधत निघतो, हे त्यांच्यातल्या कोणी मला सांगितलं नाही. असेल तर दाखवा. हे वाक्य माझ्या घरातल्या अशा माणसाने लिहिलं, ज्याला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. चूक पाटीवर आहे. प्रत बरोबर आहे. आजपासून हे वाक्य माझं समजा, आणि काय शिक्षा असेल ती मला द्या."

त्यांनी लेखनिकाचं नाव विचारलं. मी म्हटलं, पुस्तकावर माझं नाव आहे, तेवढं पुरे.

सीरिऑननी पाटी दुसऱ्या वडिलांच्या हाती दिली. म्हणाले, "माझ्याबरोबर खाणीत अकरा जण मेले. त्यांतल्या चौघांचा बाप्तिस्मा झाला नव्हता." मला वाटलं आता ते वळणार. नाही वळले. ते म्हणाले की मी रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करतो, पण प्रार्थना करणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. जे मला माहीत नाही ते मी लोकांना वचन म्हणून देणार नाही, आणि तुलाही देऊ देणार नाही. त्यांच्याशी मी सहमत नाही. पण त्या क्षणी आम्हा दोघांत जास्त प्रामाणिक कोण, हे मला सांगता आलं नसतं.

निकाल असा: चौथा भाग अलेक्झांड्रियाच्या मंडळीत वाचायचा नाही, प्रती गोळा करायच्या, आणि मी तिकडे शिकवायचं नाही. मंडळीतून काढलेलं नाही. इथे शिकवण्याबद्दल ते काही बोलले नाहीत. कोप्रेसने त्याचा अर्थ लगेच लावला आणि दुसऱ्या दिवशी मला दोन खोल्यांचं घर दाखवलं.

सगळे उठल्यावर तामाइस जवळ आली. तिने फक्त विचारलं, "ज्यांनी लिहिलं, त्यांचंही गेलं होतं का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. पुरुषाचं वाटत नव्हतं."

आता बाकीचं.

तू लिहिलंस की तुला कोणाला दोष द्यायचा नाही. तुला सगळं माहीत नाही म्हणून तू तसं लिहू शकलीस. बिशप फेरीवर होते हे खरं. पण त्यांच्यासाठी थांबायचं कारण नव्हतं. कोणाही वडिलांनी पहिल्याच दिवशी बाप्तिस्मा दिला असता, आणि एकाने तसं विचारलंही होतं. मी थांबवलं. आमच्या वादसभेतले चार मित्र, तत्त्वज्ञ म्हणवणारे, त्या आठवड्यात कनोपसला गेले होते, दहाव्या दिवशी परतणार होते. मला वाटत होतं, आमचा विधी किती अर्थपूर्ण आहे हे त्यांनी बघावं. शेजारी उभं राहून एकेका क्रियेचा अर्थ मी त्यांना ग्रीकांच्या भाषेत सांगणार होतो. काय बोलायचं ते मी तयारही केलं होतं. तुझी मुलगी माझ्या व्याख्यानासाठी थांबली होती.

कास्तोरने विचारलं तेव्हा मी गप्प राहिलो ते यामुळे. आणि मग त्या गप्प राहण्याला मी तत्त्वज्ञान बनवलं, तुझ्यासमोर, तुझ्याकडूनच लिहवून घेतलं.

क्षमा मागतो म्हणणं सोपं आहे म्हणून म्हणत नाही. तुला ठाऊक असावं एवढंच.

नेमेसिऑन

*

अलेक्झांड्रिया, एपेइफ महिना, दिवस २१

भाऊजी,

तुमचं पत्र मिळून दोन महिने होऊन गेले. मधे तुमची दोन पत्रं आली, तब्येत विचारणारी. तीही मिळाली. आजारी नव्हते.

पहिला महिनाभर मी बोरूला हात लावला नाही. घरातली तुमची सगळी पुस्तकं बोरूसकट एका पेटीत घातली, वर दळायचा दगड ठेवला. खाइरेला सांगितलं, हात दुखतो. तुम्ही समोर असता तर काय बोलले असते कोण जाणे, म्हणून बरं झालं मधे नदी आहे. रोज दहाव्या दिवसाचा हिशेब मनात व्हायचा. पहिल्या दिवशी झालं असतं. दुसऱ्या दिवशी झालं असतं. असं नऊपर्यंत.

मंडळीकडून प्रती न्यायला माणूस आला होता. वाचकाकडची त्याने आधीच घेतली होती, घरातली मी दिली. तो दारातून परत वळला आणि विचारलं, ते वाक्य एवढं तोंडी सांगाल का? मी सांगितलं. त्याला पाठ व्हायला वेळ लागला नाही.

मग खाइरे आली. तिच्या मुलाच्या पलटणीतून निरोप आला होता, मुलगा हिवाळ्यातच गेला. तिने इतके दिवस पाठवलेली पत्रं कोणाला मिळालीच नव्हती. ती ख्रिस्ती नाही, तुम्हाला माहीत आहे. सेरापिसच्या देवळात दिवा लावते. म्हणाली, ते तुमचं वाक्य एका चिंधीवर लिहून दे, गळ्यात बांधते. ताईत बांधणं तुम्हाला आवडत नाही. सीरिऑनना त्याहून आवडणार नाही. मी पेटीवरचा दगड उतरवला, बोरू तासला आणि लिहून दिलं. तिने विचारलं, हे तुझ्या देवाचं आहे, माझ्या मुलाला चालेल का? मी म्हटलं, त्यात कोणाचं नाव लिहिलेलं नाही, बघ.

ती गेल्यावर तुमचं पत्र काढून परत वाचलं. तुम्ही विचारलं नाहीत, तरी उत्तर देते. हो, तुमच्यावर राग आहे. तो जाईल असं मी लिहून देत नाही. पण चार वर्षं मी ज्याच्यावर रागावले होते तो एक आंधळा, थंड नियम होता, आणि त्याच्याशी भांडता येत नव्हतं. आता तिथे तुम्ही आहात. माणसावर रागावता येतं, आणि मग त्याला जेवायलाही वाढता येतं.

भाऊजी, तिचं नाव आम्ही दोघांनी ठरवलं होतं, कोणाला सांगितलं नव्हतं. एइरीने. तुमच्या प्रार्थनेत आजपासून ते घ्या. मोठ्याने घ्या.

घर खाइरेच्या बहिणीला राहायला देते आहे. पूर चढला की नावा भरभर जातात. थोथच्या पहिल्या आठवड्यात निघेन, आणि मावश्या नसलेला नावाडी बघेन. कोप्रेसना सांगा, घराला उत्तरेकडे खिडकी लागेल, उन्हाची तिरीप पाटीवर आली की मेण खरंच ओघळतं. तामाइसला मी येते आहे एवढंच सांगा, बाकी मी बोलेन.

चौथा भाग पुन्हा पहिल्यापासून करायचा आहे. तुम्ही खिडकीशी उभे राहून सांगा, मी लिहीन, पूर्वीसारखं. फक्त जिथे पटणार नाही तिथे मी लिहायचं थांबेन, आणि तुम्हाला पाणी हवं असेल तर स्वतः उठून घ्यायचं.

थेओनिस